मॅच सगळ्यांची, मग पुराची बातमी कुणाची?

नकाशात ‘वेस्ट इंडिज’ नावाचा देश शोधून दाखवा. नाही सापडणार! लारा त्रिनिदादचा, रिचर्ड्स अँटिग्वाचा, गेल जमैकाचा. देश वेगळे, पंतप्रधान वेगळे, राष्ट्रगीतंही वेगळी. फक्त क्रिकेटची टीम एक. कारण साधं आहे. एकेक बेट एवढंसं, की एकट्याच्या जिवावर टेस्ट टीम उभी करणं कुणालाच जमलं नसतं.

एवढं आपल्या टीव्ही रूममध्ये बसणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण याच बेटांनी १९७० साली रेडिओ आणि टीव्हीसाठीसुद्धा अशीच एक टीम बांधली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. तिचं नाव कॅरिबियन ब्रॉडकास्टिंग युनियन. तिच्यात सरकारी स्टेशनं आहेत आणि जाहिरातींवर चालणारी खाजगी स्टेशनंही आहेत. एरवी ही मंडळी एकमेकांचे श्रोते पळवायला टपलेली असणारच, धंदाच आहे तो! पण बातम्या आणि कार्यक्रम यांची देवाणघेवाण करायची म्हटलं की एका टेबलाशी बसतात. पुढे १९७६ मध्ये तिथे कॅरिबियन न्यूज एजन्सी नावाची सामाईक वृत्तसंस्थाही निघाली.

त्यांना हे सुचलं त्यामागे पैशाची अडचण होती, तसंच हवामानही होतं. चक्रीवादळ पासपोर्ट बघत नाही. आज ते बार्बाडोसला झोडपतं, उद्या सेंट लुसियाला. म्हणजे शेजारच्या बेटाची आजची बातमी हा आपल्या बेटाचा उद्याचा हवामान अंदाज असतो. अशा वेळी ‘ही बातमी आमच्या स्टेशनची’ म्हणून ती धरून बसण्यात काय अर्थ आहे?

पॅसिफिक महासागरातल्या बेटांचीही हीच गत. न्यूझीलंडच्या सार्वजनिक रेडिओची ‘आरएनझेड पॅसिफिक’ ही सेवा आपल्या बातम्या तिथल्या स्थानिक स्टेशनांना पुन्हा प्रसारित करायला देते. ऑस्ट्रेलियाच्या एबीसीने ३१ जानेवारी २०१७ ला आपली शॉर्टवेव्ह सेवा बंद केली, तेव्हा त्या बेटांवरून तक्रारी झाल्या. वादळात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले की हातात तीच उरायची ना! १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळच्या समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि त्या देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली. मग काही आठवडे इंटरनेटचे हाल. आपलं सगळं जग व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं असं म्हणणाऱ्यांनी टोंगाची ती जानेवारी जरूर आठवावी.

आता तुम्ही म्हणाल, ही कुठे वेस्ट इंडिज आणि टोंगाची पुराणं सांगत बसली! ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा त्याच्याशी काय संबंध?

मित्रमैत्रिणींनो, ठाणं बेटावरच आहे. साष्टी बेट. आपण त्याला बेट म्हणायचं विसरलोय, एवढंच. कल्याण-डोंबिवली खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर. १८५३ साली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि दुसऱ्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. तेव्हापासून आपल्या भागाचा सगळा जीव त्या रुळांत आहे. हे रूळ पाण्याखाली गेले की मुंब्रा एक बेट, दिवा एक बेट, डोंबिवली एक बेट आणि बदलापूर तर बेटांतलंही लांबचं बेट! आपण पाचसहा महिन्यांतून एकदा ‘गाड्या बंद, लेक्चर कॅन्सल’ म्हणून खूश होतो. पण ज्यांचे आई-बाबा त्या वेळी लोकलमध्ये अडकलेले असतात, त्यांना विचारा.

आपली वादळं म्हणजे आपल्या नद्या. उल्हास सह्याद्रीतून उतरते, कर्जतवरून बदलापूरला येते आणि मग कल्याणला. बारवी धरण भरून वाहायला लागलं की ते पाणीही उल्हासमध्येच येतं. भातसा टिटवाळ्याकडे काळूला मिळते आणि काळू पुन्हा उल्हासला. अंबरनाथ, उल्हासनगरचं पाणी घेऊन वालधुनी कल्याणात शिरते. वर हे सगळं पाणी खाली यायला आणि समुद्राची भरती खाडीतून वर चढायला एकच वेळ गाठली, की सखल भागांत पाणी भरलंच समजा. म्हणजे कर्जतला सकाळी काय झालं ही कल्याणची दुपारची बातमी असते. बार्बाडोस आणि सेंट लुसियाचंच नातं हे! फक्त आपल्याकडे ही बातमी बदलापूरहून कल्याणला कोण पोचवणार, याचं उत्तर ‘कुणाच्या तरी काकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप’ असं आहे.

यात काय धोका आहे ते २००५ साली दिसलं. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, फोन लागेनात, उल्हास आणि वालधुनी काठ सोडून वाहिल्या. त्या रात्री मुंबईच्या खाजगी एफएम स्टेशनांनी गाणी बाजूला ठेवून लोकांचे निरोप वाचून दाखवले. कोण कुठे सुखरूप आहे, कुठला रस्ता चालू आहे. हे काम त्यांनी चांगलं केलं, आणि ते त्यांचं काम आहे असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. पण दोनच दिवसांनी, २८ जुलैच्या रात्री, जुहूच्या नेहरू नगर झोपडपट्टीत अफवा पसरली. कुणी म्हणे त्सुनामी आली, कुणी म्हणे धरण फुटलं. लोक जीव घेऊन पळत सुटले आणि चेंगराचेंगरीत पंधराहून अधिक माणसं गेली. पाण्याने नव्हे, खोट्या बातमीने गेली. त्या रात्री मुंबईतल्या प्रत्येक रेडिओवर, सरकारी असो वा खाजगी, एकाच वेळी एकच वाक्य लागलं असतं, ‘धरण फुटलेलं नाही’, तर काही जीव वाचले नसते का?

तेव्हा फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. आता आहे, म्हणजे अफवेचा स्पीड वाढलाय! मागच्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये एका तासात तीन मेसेज आले. एकात गाड्या ठाण्यापर्यंतच, दुसऱ्यात कल्याणपर्यंत चालू, तिसऱ्यात दोन वर्षं जुना पाण्याचा व्हिडिओ आणि खाली ‘आत्ताचं’. खरं काय ते कळलं जेव्हा माझी रूममेट भिजून परत आली तेव्हा.

आता माझा मुद्दा. सरकारी आणि खाजगी प्रसारकांनी एकत्र यावं यासाठी आपल्या देशाने कायदा केलेला आहे. पण तो केला मॅचसाठी!

गोष्ट २००७ ची. जानेवारीत भारतात वनडे सिरीज होती आणि योगायोग बघा, समोर होती वेस्ट इंडिज. मॅच दाखवायचे हक्क निंबस या खाजगी कंपनीकडे होते. दूरदर्शनला लाइव्ह सिग्नल द्यायचा की नाही यावरून वाद झाला, नागपूरची पहिली मॅच दूरदर्शनवर लाइव्ह दिसली नाही, प्रकरण कोर्टात गेलं. लोक भडकले. फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या मॅचचा सिग्नल खाजगी कंपनीने प्रसार भारतीला द्यायचा. जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणीही कायद्यात लिहिली आहे. टीव्हीसाठी ७५:२५, त्यात मोठा वाटा हक्क असणाऱ्याचा, आणि रेडिओसाठी ५०:५०. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा सिग्नल दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणासाठी आणि त्याच्या स्वतःच्या डीटीएचसाठीच आहे, खाजगी केबलवर फुकट वाटण्यासाठी नाही. म्हणजे किती बारीक विचार झालाय बघा! कोणाचा किती वाटा, सिग्नल कुठपर्यंत जाणार, सगळं ठरलेलं.

मॅचसाठी हे सगळं होऊ शकतं, मग पुरासाठी का नाही?

बरं, नियम आड येतात असंही नाही. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, हे आपण ऐकलेलं असतं. पण २०११ च्या एफएम धोरणात म्हटलंय की वाहतूक, हवामान, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली माहिती ‘बातमी’ धरायची नाही. ती खुशाल सांगा. सरकारने सांगितल्यास दिवसाला जास्तीत जास्त एक तास सार्वजनिक हिताच्या सूचना फुकट द्यायच्या, अशीही अट आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायलाही परवानगी आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये आकाशवाणीने त्या खाजगी एफएमला देण्याची योजना सुरूही केली. केबलवाल्यांना दूरदर्शनचे ठरावीक चॅनेल दाखवणं १९९५ च्या कायद्यानुसार सक्तीचं आहे.

आणि सरकारी-खाजगी एकत्र नांदू शकतात, याचा अनुभवही आहे. १९९३ मध्ये आकाशवाणीने मुंबई आणि दिल्लीत आपल्या एफएमवरचे तास खाजगी कंपन्यांना चालवायला दिले होते. ते पाच वर्षं चाललं. नंतर खाजगी स्टेशनं स्वतंत्र झाली, तरी अनेक शहरांत त्यांच्या अँटेना आकाशवाणीच्या टॉवरवरच चढल्या. टॉवर वाटून घेतला, जागा वाटून घेतली, भाडं ठरलं. पावसाच्या दिवशीची माहिती वाटून घ्यायचं तेवढं कुणी मनावर घेतलं नाही.

यावर मित्रांशी बोलले तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही रास्त आहेत, म्हणून इथे लिहिते.

पहिला आक्षेप. हल्ली रेडिओ ऐकतं कोण? २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने किंचाळले होते, आठवतंय ना? ती आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी होती. मग फोनवर इशारा येतोच की! येतो, आणि ती चांगलीच सोय आहे. पण इशारा म्हणजे दोन ओळी. ‘अतिवृष्टीची शक्यता.’ पुढचे सहा तास काय? कुठली लोकल कुठपर्यंत आहे, रायते पूल चालू आहे का, भरती किती वाजता उतरणार, हे दर तासाला कुणी सांगायचं? २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. आत हजारहून जास्त प्रवासी होते. बाहेर काळोख, खाली पाणी. अशा वेळी फोनची बॅटरी किती पुरणार? आणि मोबाइलचा टॉवरच बंद पडला तर? रेडिओचं गणित सोपं आहे. एक ट्रान्समीटर, ऐकणारे कितीही. एक कोटी लोकांनी ऐकला म्हणून तो ‘जाम’ होत नाही. कितीतरी फोनमध्ये एफएमची सोय असते, इयरफोनची वायर हीच त्याची अँटेना. ही सोय बंद करू नका, असं सरकारने एप्रिल २०२३ मध्ये फोन कंपन्यांना कळवलंही होतं. आता एफएम लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि पारसिकचा डोंगर आड आला की खरखर होते, हे मान्य. पण मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते, हे आपण वेव्ह प्रोपगेशनच्या पेपरात पाच मार्कांना लिहितोच की! म्हणूनच दोघं हवेत. खाजगी एफएमकडे तरुण श्रोते आहेत, आकाशवाणीकडे पल्ला आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर. सगळ्या स्टेशनांवर एकच बुलेटिन म्हणजे सगळीकडे सरकारचाच आवाज झाला की! हा आमच्या एका सरांचा मुद्दा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९७५ ते ७७ च्या आणीबाणीत आकाशवाणीचं काय झालं ते मागच्या पिढीला ठाऊक आहे. त्यानंतरच १९७८ मध्ये वर्गीज समितीने आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता द्या असं सांगितलं. प्रसार भारतीचा कायदा १९९० ला झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडलं. मधे १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तोही निकाल एका क्रिकेट मॅचच्या प्रक्षेपणावरूनच, हे विशेष! तेव्हा भीती खोटी नाही. पण म्हणूनच ही व्यवस्था आधी, शांतपणे, लेखी ठरवायला हवी. किती मिनिटं, कुठल्या परिस्थितीत, कधी सुरू, कधी बंद. नाहीतर ऐन पुरात घाईने जे होईल त्याला ना हद्द ना हिशोब.

तिसरा आक्षेप, कंपन्या ऐकतील का? कॅरिबियनमधल्या ऐकतात. त्यांनाही जाहिराती मिळवायच्या असतात. वादळ गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते पुन्हा एकमेकांशी भांडायला मोकळे!

मग नेमकं काय करावं? मला सुचतं ते असं.

ठाणे जिल्ह्यासाठी पावसाळ्यात, रेड अलर्टच्या दिवशी, दर तासाला दोन मिनिटांचं एकच बुलेटिन असावं. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष, महापालिका आणि रेल्वे यांनी माहिती द्यावी, आकाशवाणीने ती आधी मराठीत आणि मग हिंदीत वाचावी, आणि खाजगी एफएम, केबलचे लोकल चॅनेल, कॉलेजांचे रेडिओ यांनी ती न बदलता लावावी. दोन मिनिटं गुणिले चोवीस तास म्हणजे ४८ मिनिटं. एक तासाची मर्यादा आहे, तिच्यात बसतंय!

वाक्यं साधी असावीत. ‘दुपारचे दोन वाजले आहेत. लोकल कल्याणपर्यंत चालू आहेत, पुढे बंद. रायते पूल बंद. बारवीतून पाणी सुटलं आहे. ही माहिती अमक्या कक्षाने पावणेदोनला दिली.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कुणी सांगितलं आणि किती वाजता. अफवेला नेमकं हेच दोन्ही नसतं.

माहिती दोन्ही बाजूंनी वाहावी. खाजगी स्टेशनांना श्रोत्यांचे जे फोन येतात, ते आकाशवाणीच्या बुलेटिनवाल्यांपर्यंत जावेत, त्यांनी खात्री करावी आणि खरं असेल ते पुढच्या तासाला सगळीकडे जावं. आरजे लोकांना गल्लीबोळ माहीत असतात, आकाशवाणीकडे तपासून बोलायची सवय आहे. आणि हे नुसतं पुरापुरतं नाही. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले. असा धमाका ऐकल्यावर पहिला प्रश्न असतो, खिडक्या बंद करायच्या की घर सोडायचं? याचं उत्तर पहिल्या पंधरा मिनिटांत हवं असतं, संध्याकाळच्या चर्चेत नाही.

भाषेचंही सांगते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. बातम्या वाचायच्या त्या इंग्रजीत. पण पाणी वाढत असताना ‘मॉडरेट टू हेवी रेनफॉल अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’ असं कुणी सांगितलं तर मलाही कळत नाही की पळायचं की थांबायचं! ‘नदीकाठी जाऊ नका, सामान वर उचला’ हे लगेच कळतं. मॉरिशसमध्ये मराठी बोलणारे मूठभर, पण तिथलं सरकारी ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन मराठीतूनही कार्यक्रम देतं. आपल्या भागाचं नाव मात्र मुंबईच्या स्टेशनांवर येतं ते ट्रॅफिक अपडेटच्या शेवटी, वेळ उरला तर.

आणि आपण इंजिनिअरिंगवाले काय करू शकतो? २००२ पासून शिक्षणसंस्थांना स्वतःचा कम्युनिटी रेडिओ काढता येतो. चेन्नईच्या अण्णा युनिव्हर्सिटीने २००४ मध्ये काढला. पुणे विद्यापीठाचा ‘विद्यावाणी’ आहे. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, तीस मीटरचा टॉवर, पाच-दहा किलोमीटरचा पल्ला. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स डिपार्टमेंट आहे, टेरेस आहे, आणि फायनल इयरला ‘लाइन फॉलोअर रोबो’ सोडून दुसरा प्रोजेक्ट सुचत नाही म्हणून रडणारे चाळीस जण आहेत. लायसन्सला वेळ लागेल, कागद पुष्कळ आहेत. पण अर्ज केल्याशिवाय तर काहीच होणार नाही. एचओडी सरांनी मनावर घ्यावं, आम्ही टॉवरवर चढायला तयार आहोत.

ते होईपर्यंत एक छोटं काम पुढच्या जूनच्या आत होण्यासारखं आहे. प्रत्येक विंगमध्ये सेलवर चालणारा एक रेडिओ. एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही लागणारा. मेस फंडातून घेतला तरी कुणाची पोळी कमी होणार नाही. रेक्टर मॅडम, वाचताय ना?